एल्विया मागून येतेय

लाइट गेली ना? मग बसा इथेच गच्चीवर. आपल्या गल्लीतल्या रोसेंदोचं सांगतो. बूट शिवायचा तो. इथे, या डोंगरातल्या आंबातोत, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याच्याच बुटांत शाळा केलीय. त्याच्या तोंडून ऐकलं, तसंच सांगतो.

त्याच्या बायकोनं, एल्वियानं, समुद्र कधी पाहिला नव्हता. इथून काही तासांची बस, पण दर सुट्टीला काहीतरी आडवं यायचं. कधी बुटांची घाई, कधी नेलीचं, त्यांच्या मुलीचं, बाळंतपण. "पुढच्या वर्षी नक्की," रोसेंदो म्हणायचा. एका वर्षी जुलैत मात्र तिनं त्याला विचारलंच नाही. मानाबीच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या एका लहानशा गावात, डोन्या उबाल्दिना नावाची बाई खोल्या देते. एल्वियानं तिचा नंबर मिळवला आणि खोली ठरवून टाकली. नोव्हेंबरची सुट्टी. खोली तळमजल्यावर, कारण एल्वियाचा गुडघा धरलेला. भाव करता करता दोघींचं असं जमलं, की दर रविवारी फोन.

"आणि माझे बूट?" रोसेंदोनं कुरकुर केली.

"बूट काही पळून जात नाहीत. आणि गेलेच, तर तेही समुद्रावरच जातील. तुझ्यासारखे खुळे नाहीत ते."

सप्टेंबरात एल्विया गेली. शेंगा सोलता सोलता मान टाकली, बस.

सुट्टी आली तसा रोसेंदो पिशवी भरायला लागला. नेलीनं दार अडवलं.

"मृतांच्या दिवशी लोक कबरीवर जांभळी पेज नेतात, पावाच्या बाहुल्या नेतात. आणि तुम्ही समुद्रावर निघालात? आई तिथे एकटी पडून राहू दे?"

"तिनंच ठरवलं होतं गं."

"ती नाहीये आता, बाबा."

तो पिशवी उचलून निघाला.

नोव्हेंबरची पहिली तारीख, शनिवार. दिवेलागणीला तो पोचला. उबाल्दिना फाटकातच उभी. त्याच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "आणि आमच्या बाईसाहेब कुठायत? फोनवर एवढं हसवलंय मला, आणि सप्टेंबरपासून एक फोन नाही! मिठी मारल्याशिवाय सोडायची नाही मी."

रोसेंदोला खरं तेच सांगायचं होतं. तोंड उघडलं... पण ते शब्द काही बाहेर पडेनात. भलतेच पडले.

"एल्विया मागून येतेय."

"मग फाटक उघडंच ठेवते. अंगणातला दिवाही राहू दे. नवख्या माणसाला वाट सापडायला हवी."

तिनं दुसऱ्या पलंगावर धुतलेली चादर घातली. त्या पलंगाकडे पाठ करून रोसेंदो झोपला.

मध्यरात्र उलटून गेली असेल. त्याला जाग आली. बाहेर समुद्राची गाज.

आणि पावलं.

फाटकापासून. एक पाऊल पुरतं... एक ओढत. एक पुरतं... एक ओढत.

हा आवाज त्यानं स्वतःच्या घरात जन्मभर ऐकला होता.

पावलं दाराशी थांबली. धाप लागलेला श्वास.

"रोसेंदो..."

अगदी हळू. शेजारच्यांची झोप मोडू नये, असं.

"आले रे मी. समुद्र कुठल्या बाजूला?"

याच आवाजासाठी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडलेला माणूस तो. दोन पावलांवर कडी होती.

तो उठला नाही.

 चादर तोंडावर ओढली त्यानं.

दारापलीकडे ती थांबली.

बराच वेळ...

पुन्हा हाक आली नाही. पावलं वळली. गाजेच्या दिशेनं. एक पुरतं... एक ओढत...

ऐकू येईनाशी झाली, तेव्हा कुठे तो उठला. अनवाणी धावला. "एल्विया, चुकलो मी... चल, दाखवतो तुला..." काळोखात त्याचाच आवाज. आणि लाटा.

काय म्हणालीस, पोरी? दार का नाही उघडलं?

रोसेंदोला मीही हेच विचारलं. हातातला बूट खाली ठेवला त्यानं. मग म्हणाला, "फाउस्तो, तोवर मला ती मेलीये हे खरंच वाटत नव्हतं. दाराबाहेर तिचा आवाज आला... आणि तेव्हा पटलं."

उजाडेपर्यंत तो किनाऱ्यावर हिंडत होता. ओहोटी लागलेली. ओली, सपाट वाळू. त्याची स्वतःची पावलं सोडली तर कुणाचं एक पाऊल नाही, येणारं ना जाणारं.

भरतीच्या रेषेच्या थोडं वर एक खळगा होता. कुणीतरी रात्रभर बसून गेल्यासारखा. समुद्राकडे पाय लांब केलेले, टाचांच्या दोन खुणा.

आणि त्याला अगदी लागून आणखी एका माणसाची जागा. खडे, शिंपले वेचून बाजूला सारलेले, वरून तळव्यानं वाळू सारखी केलेली. बोटांचे वळ दिसत होते.

त्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं.