तो लसूण, ती लसूण

“अगं बाई... पडले मी!”

धुक्याच्या पलीकडून आवाज आला आणि उल्काच्या हातातलं फावडं थांबलं. लेस्टरमध्ये, ऑक्टोबरातल्या रविवारी, असं झाडाझुडपांत मराठीतून कोण पडतंय? आवाज जरा घोगरा होता, पण इथल्या गारठ्यात कुणाचा घसा धड असतो! कुणीतरी काकू असणार. ती धावत गेली.

“काकू, लागलं का हो?”

घेवड्याच्या वाळक्या वेलांमागून जे उठलं ते चांगलं सहा फूट उंच होतं, आणि त्याला दाढी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपराला चिकटलेला पाचोळा, आणि डोळे... डोळे मात्र असे, की उल्का पुढचं विचारायचंच विसरली.

“काकू नाही,” तो म्हणाला. “शशिधर. इथे सगळे सिड म्हणतात. अँड आय ॲम फाइन... फक्त जरा ओली झाले.”

उल्का डॉक्टर होती. पेशंटसमोर हसू गिळायची तिला सवय होती, पण हे काही गिळलं जाईना. ती पोट धरून हसली. आणि आपण कशाला हसतोय हे मुळीच न कळता तोही हसायला लागला, तेव्हा तिला तो पहिल्यांदा आवडला.

कौन्सिलने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेली ही जमिनीची पट्टी खरं तर पद्माकरकाकांची, तिच्या बाबांच्या मित्राची. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. “पडीक दिसली की कौन्सिल काढून घेतं गं, काहीतरी लाव,” म्हणत त्यांनी शेडची किल्ली तिच्या हातात ठेवली. काय लावायचं ते त्यांनी सांगितलं नाही, हिला विचारायचं सुचलं नाही. आता शेजारच्या पट्टीवर, शाळेत भूगोल शिकवणारा आणि चिखलात पडणारा, एक माणूस तरी सापडला होता विचारायला.

“मेथी लावू?” पुढच्या रविवारी तिने विचारलं.

“आता? ती थंडीने रडेल.”

“मग कोथिंबीर?”

“ती पण रडेल.”

“न रडणारं काही आहे का तुमच्या देशात?”

“ब्रॉड बीन्स. लसूण. ट्युलिप, इफ यू लाइक.” तो थर्मासमधून चहा ओतत म्हणाला. “आता लावायचं आणि हिवाळाभर विसरायचं. ट्युलिप मेमध्ये, बीन्स जूनमध्ये, लसूण जुलैमध्ये.”

जुलै! उल्काने मनातल्या मनात महिने मोजले. तिची इथली नोकरी फेब्रुवारीत संपत होती आणि पुढची ग्लासगोला ठरली होती. सहा महिन्यांच्या नोकऱ्या, सहा महिन्यांची गावं. या देशात आल्यापासून तिने एक कुंडीसुद्धा विकत घेतली नव्हती.

“मला लवकर येणारं काहीतरी सांग ना. जानेवारीपर्यंत.”

“व्हाय? तू कुठे चाललास?”

“चाललीस,” तिने सुधारलं. “मी मुलगी आहे.”

“आय नोटिस्ड,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

उल्कानेही उगीचच फावड्याचा चिखल खरवडायला घेतला. मग, न बघताच, म्हणाली, “फेब्रुवारीत ग्लासगोला.”

त्याने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. “ओह... मग लसूण नको.”

“हो. नकोच.”

त्या रविवारी काहीच लावलं गेलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जमीन भुसभुशीत करून झाली, दगड वेचून झाले, वाफे सारखे करून झाले, आणि दोघं चहा पीत नुसतीच बसायची. सफरचंदाच्या झाडावरून पिवळी पानं एकेक करून खाली यायची. उल्का त्याची मराठी दुरुस्त करायची. करते नाही, करतो. येते नाही, येतो. तो शहाण्या मुलासारखा घोकायचा, आणि घोकताना तिच्याकडेच बघायचा.

नोव्हेंबरातल्या एका भुरभुर पावसात दोघं शेडमध्ये अडकली. तेव्हा तिने सहज विचारलं, “तुला मराठी शिकवलं तरी कुणी?”

“आईने. मी लहान असताना बाबा गेले. घरात मराठी बोलणारी ती एकटीच. ती म्हणायची ‘मी येते’, मग मीही म्हणायचे ‘मी येते’.” तो थांबला. “माझी पट्टी तिचीच. मागच्या वर्षी ती... आता माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नाही. म्हणजे... नव्हतं.”

उल्काला पुण्याचं हॉस्टेल आठवलं. पहिल्याच दिवशी तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, “मी जेवून आलो.” कोल्हापुरात तिची आई असंच बोलायची, आत्या असंच बोलायची, अख्ख्या गल्लीतल्या बायका असंच बोलायच्या. पण हॉस्टेलवर जेवणाचं सगळं टेबल खदखदलं होतं. “आलो? तू मुलगा आहेस का गं?” महिन्याभरात तिने जीभ घासूनपुसून लख्ख केली. आले, गेले, जेवले. दिवाळीत घरी गेल्यावर आई म्हणाली होती, “पाहुण्यागत बोलायला लागलीस की गं.”

आणि आज, इतक्या वर्षांनी, ती त्या हसणाऱ्या टेबलाच्या बाजूने बसली होती. तिला फार फार वाईट वाटलं. हे सगळं त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगता आलं नाही.

“चल,” ती एकदम उठली. “लसूण लावू.”

“पण तू तर...”

“लावू म्हणते ना!”

पाऊस अंगावर घेत दोघं वाफ्याशी उकिडवी बसली. एकेक पाकळी, टोक वर. मातीत बोटांना बोटं लागली, तेव्हा कुणीच हात मागे घेतला नाही.

“हा लसूण की ही लसूण?” पाकळी तिच्या नाकासमोर धरून त्याने विचारलं. “बरोबर काय?”

पहिल्यांदाच उल्काकडे दुरुस्ती नव्हती. “दोन्ही चालतं. कुणी तो म्हणतं, कुणी ती.”

“लकी लसूण,” तो म्हणाला.

फेब्रुवारीत लसणाची हिरवी पात चार बोटं वर आली होती आणि तिच्यावर दहिवर चमकत होतं. उल्का काकांच्या शेडची किल्ली त्याच्याकडे द्यायला आली होती. शशिधर ताठ उभा राहिला. पाठ करून आला होता, कळतच होतं.

“तू जा,” तो म्हणाला. “मी वाट बघतो.”

एक चूक नाही. शाबासकीच्या आशेने त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. ते वाक्य कुणा परक्याचं वाटलं.

“असं नको. तू तुझं बोल.”

“पण ते चूक आहे.”

“चूक नाही. तुझ्या आईचं आहे ते.”

त्याने ताठ धरलेले खांदे सैल सोडले. मग अगदी हळू म्हणाला, “मी वाट बघते.”

उल्कालाही काहीतरी म्हणायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण लख्ख केलेली जीभ वळेना. ती नुसती मान हलवून बसकडे पळाली.

ग्लासगोत दर रविवारी त्याचा फोन यायचा. पात गुडघ्याला लागली. पात पिवळी पडली. आता काढायला पाहिजे. ‘ये’ असं मात्र तो एकदाही म्हणाला नाही. तिकडे वॉर्डातले मोठे डॉक्टर तिला म्हणत होते, थांब, दोन वर्षांची जागा आहे, अशी पुन्हा मिळायची नाही. जागा खरंच चांगली होती. उल्काने विचार करायला वेळ मागितला, आणि त्याच आठवड्यात लेस्टरला अर्ज टाकला.

जुलैतल्या रविवारी ती फाटक ढकलून आत शिरली तेव्हा घेवड्याला लाल फुलं लगडली होती. त्यांच्यामागे कुणीतरी वाकलेलं होतं. उल्काने तोंड उघडलं आणि आतून अख्खी कोल्हापूरची गल्ली ओरडली, “आलो मी!”

“कोण काका?” वेलांमागून प्रश्न आला.

“काका नाही. उल्का. लसूण काढायला आलो. आणि ऑगस्टपासून इथल्याच हॉस्पिटलात आहे मी... आता कुठेही जात नाही.”

तो उठला. तोच चिखल, तेच डोळे. “आलो? ते चूक आहे ना?”

“नाही,” ती म्हणाली. “माझ्या आईचं आहे ते.”

त्याने हातातलं खुरपं खाली ठेवलं. जवळ आला. इतका जवळ, की दाढीतली माती दिसावी.

“मी तुझ्यावर प्रेम करते,” तो म्हणाला.

“मी पण करतो,” ती म्हणाली.

त्या दिवशी लसूण काढायचा राहूनच गेला. की राहून गेली? दोन्ही चालतं.