सरळ शेपट्या

ओव्हीड लँड्रेनो शुक्रवारी सकाळी साडेनऊला आला. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. पासष्ट वर्षांचा माणूस, पण शाळेत उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मिस नेव्हा, मी मेलेले क्रॉफिश विकतो असं लोक म्हणतात."

नेव्हा स्वालोने चष्मा पुसला. पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर ती लोकांच्या खासगी भानगडींचा तपास करायची. सोबतीला असायचा तिचा दीर क्लोव्हिस, पोलिसातून निवृत्त झालेला, जेवणावर जीव असलेला.

"लोक म्हणजे कोण?"

"युलाच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं. चार शुक्रवार झाले. ताटात सरळ शेपट्या निघतात."

क्लोव्हिसने हळूच शीळ घातली. बायूच्या, त्या संथ दलदलीच्या ओढ्याच्या, काठावरच्या कुठल्याही पोराला विचारा. क्रॉफिश म्हणजे कोळंबीसारखा, पण नांग्या असलेला गोड्या पाण्यातला जीव; जिवंत असताना उकळत्या पाण्यात पडला की तो शेपटी पोटाशी गुंडाळतो. शेपटी सरळ राहिली म्हणजे तो आधीच मेलेला होता. तसला कुणी खात नाही.

"मी एकेक निवडून पोत्यात भरतो," ओव्हीड म्हणाला. "माझा बापही तसंच करायचा. आज दुपारी दोनला नव्या व्यापाऱ्याची गाडी येणार आहे. युलाने त्याला होकार दिला, की मग गावात माझं पोतं कोण घेणार?"

"फक्त शुक्रवारीच?"

"मंगळवारी मी तोच माल देतो. मंगळवारी कुणी काही बोलत नाही."

नेव्हाने घड्याळ पाहिलं. "क्लोव्हिस, आज तुला दोनदा जेवायचंय."

"वहिनी, तुमच्यासाठी मी काहीही सोसेन."

*

अकरा वाजता युलाचं हॉटेल अर्धं रिकामं होतं. टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती. ताट त्यावर ओतलं गेलं तेव्हा वाफेबरोबर मिरची नाकात शिरली. लाल क्रॉफिश, मक्याची कणसं, बटाटे.

क्लोव्हिस कामाला लागला. नेव्हा मोजत होती.

"ऐंशी. एकही सरळ नाही."

"म्हणजे ओव्हीडने आज काळजी घेतली," क्लोव्हिस भरल्या तोंडाने म्हणाला.

"हे कुठल्या पोत्यातले?"

"सकाळी त्याने टाकलेल्या पोत्यांतलेच. मागे रचलीत, मी पाहिली."

"बटाटा कसा आहे?"

"लोण्यासारखा."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. बटाट्याबद्दल काय लिहिण्यासारखं आहे, ते क्लोव्हिसला कळलं नाही.

युला मेलाँसाँ स्वतः येऊन बसली. भक्कम बाई, बोलणं तुटक.

"ओव्हीडने पाठवलंय ना तुम्हाला? वाईट मलाही वाटतं. माझ्या लग्नात त्याने व्हायोलिन वाजवलंय. पण गेल्या शुक्रवारी पाद्रीबाबांनी ताट परत केलं. पाद्रीबाबांनी, मिस नेव्हा. चार आठवडे उपासाचे दिवस चाललेत, शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते, म्हणून सगळं गाव माझ्या दारात. त्यांना काय वाढू?"

"पोती तुम्ही बघता?"

"वर वर. गर्दीच्या दिवशी जास्त माल लागतो, तेव्हा तो खाली मेलेले घुसडत असणार. नाहीतर शुक्रवारीच का?"

"कुणी ताटातला खाऊन पाहिला? सरळ शेपटीचा?"

युलाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू नेव्हाने चप्पल खायला सांगितली होती. "कोण खाणार?"

*

स्वयंपाकी प्लासिद मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. सत्तरीला टेकलेला, रुंद पाठीचा. कमरेला उजव्या बाजूला सुरी लटकत होती. क्लोव्हिसने हात पुढे केला तेव्हा त्याने डावा हात दिला. उजवा ओला असेल, क्लोव्हिसला वाटलं.

"ओव्हीड माझा लहानपणचा दोस्त," प्लासिद म्हणाला. "पण पोत्यात काय असतं ते मी काय सांगू? माझं काम उकळायचं."

शेडमध्ये गॅसच्या दोन शेगड्या होत्या आणि त्यांवर दोन प्रचंड पातेली. डाव्या पातेल्यावर तुळईला कप्पी होती. प्लासिदने डाव्या हाताने दोर ओढला, कमरेचा भार दिला आणि जाळीची टोपली पाण्यातून वर आली.

"छान सोय आहे," नेव्हा म्हणाली. "कधी लावलीत?"

"नाताळानंतर. म्हातारपण, दुसरं काय."

"उजव्या पातेल्याला नाही लावली?"

"ते हातानेच उचलतो. शुक्रवारी दोन्ही पातेली चालतात, अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. त्याशिवाय गर्दी आवरेल का?"

नेव्हा उजव्या शेगडीपाशी वाकली. जिथून हवा आत जाते त्या नळीच्या तोंडात तिने पेन्सिल घातली. पेन्सिल अर्ध्यावर अडली. बाहेर काढली तर टोकाला वाळकी माती होती.

"कुंभारीण माशी," ती म्हणाली. "कुठेही घर बांधते."

"त्या माश्यांनी वैताग आणलाय," प्लासिद म्हणाला आणि पाण्यात मीठ टाकायला वळला.

*

"वहिनी, मला कळलं," क्लोव्हिस गाडीत म्हणाला. "नवा व्यापारी. त्याने प्लासिदला फितवलं. प्लासिद शुक्रवारी मेलेले आणून ताटात मिसळतो."

"कुठून आणतो?"

"ते आपण शोधू."

"तुझ्या तर्कात एक बरं आहे. तुला शेपटी सोडून दुसरं काही बघावं लागत नाही."

क्लोव्हिसने हे कौतुक आहे का, याचा थोडा विचार केला आणि सोडून दिला.

साडेबाराला हॉटेल गच्च भरलं होतं. दारात रांग होती. दुसरं ताट आलं. क्लोव्हिसने वरचे पाच-सहा उचलले, सातवा हातात धरून थांबला. शेपटी बोटासारखी सरळ.

"चोवीस," थोड्या वेळाने नेव्हा म्हणाली. "ऐंशीत चोवीस. आणि पोती तीच."

शेजारच्या टेबलावरच्या बाईने तोंड वाकडं करून ताट सरकवलं. क्लोव्हिसने सरळ शेपट्यांचा ढीग कागदाच्या कोपऱ्यावर रचला. नेव्हाने त्यातला एक उचलला, डोकं पिळून काढलं, शेपटी सोलली. मांस एका ओढीत अख्खं बाहेर आलं. तिने ते तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"वहिनी!"

"बटाटा खाऊन बघ."

त्याने बटाटा फोडला. "मधे कच्चा आहे. आज सगळंच बिघडलंय."

"हो," ती म्हणाली. "सगळं एकाच कारणाने."

*

दीडला गर्दी थोडी ओसरली. नेव्हाने युला, प्लासिद आणि ओव्हीडला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. ओव्हीडने टोपी पुन्हा मांडीवर घेतली होती. प्लासिद त्याच्याकडे बघत नव्हता.

"मेलेला क्रॉफिश ओळखायचा कसा?" नेव्हाने विचारलं.

"शेपटीवरून," तिघं एकदम म्हणाले.

"मांसावरून. मेल्यावर ते लगेच आतून खराब व्हायला लागतं. मग उकळलं की भुसभुशीत होतं, बोटात तुटतं. हा घ्या."

तिने ढिगातला एक सोलून युलासमोर ठेवला. युलाने तो दाबला, वास घेतला. मग डोळे मिटून खाल्ला.

"ताजा आहे," ती म्हणाली.

"पाण्यात पडेपर्यंत तो जिवंत होता. त्याने शेपटी आखडायचा प्रयत्नही केला असणार. पण आखडायला जागा लागते. टोपली ठासून भरली, तर मधले दाबले जातात आणि जसे असतात तसेच शिजतात. एवढा थंड माल एकदम पडला की पाणीही निवतं, परत उकळायला वेळ लागतो. म्हणून बटाटे कच्चे. अकराला माल थोडा होता. शेपट्या वळलेल्या, बटाटे मऊ. साडेबाराला त्याच पोत्यांतून दोन्ही बिघडलं. मंगळवारी गर्दी नसते."

"पण शुक्रवारी दोन पातेली चालतात," युला म्हणाली.

"चालायला हवीत. उजव्या शेगडीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय. गेल्या उन्हाळ्यातलं, वाळून दगड झालेलं. ती शेगडी या वर्षी पेटलेलीच नाही. सगळा माल कप्पीच्या पातेल्यात जातो."

क्लोव्हिसला आता डावा हात आठवला. कमरेच्या उजव्या बाजूची सुरी आठवली. उजव्या हाताचा माणूस दोर डाव्याने ओढत होता.

"खांदा," तो हळूच म्हणाला.

"नाताळात शिडीवरून पडलो," प्लासिद टेबलाकडे बघत म्हणाला. "उजवा हात छातीच्या वर जात नाही. कप्पीवर काम भागेल असं वाटलं. भरलेली टोपली हाताने उचलता येत नाही हे सांगितलं असतं, तर युलाने मला घरी बसवलं असतं. घरी कोण आहे माझं?"

"आणि माझं नाव?" ओव्हीडने विचारलं. आवाज चढला नव्हता. "चार शुक्रवार मी पोती टाकून जायचो, तू हात हलवायचास."

"पहिल्यांदा सरळ शेपट्या दिसल्या तेव्हा मलाही तुझाच संशय आला. खरंच. पुढच्या शुक्रवारी लक्षात आलं. तोवर सगळे बोलायला लागले होते." प्लासिदने डाव्या हाताने खांदा दाबला. "मग मी गप्प बसलो."

युला उठली. "त्या गाडीवाल्याला येऊ नको म्हणून कळवते," ती ओव्हीडला म्हणाली. जाता जाता शेजारच्या टेबलाजवळ थांबून तिने मोठ्याने सांगितलं, "चूक माझ्या शेडमध्ये होती. ओव्हीडचा माल चोख आहे." सगळं हॉटेल ऐकेल इतकं मोठ्याने. मग प्लासिदकडे वळून म्हणाली, "तुझ्याशी मी नंतर बोलेन. घरी बसवायचं, असं मी कधी म्हटलं होतं?"

ओव्हीडही उठला. टोपी घालून मागच्या दाराने बाहेर गेला. तो गेला, असं सगळ्यांना वाटलं. मग शेडमधून लोखंडावर खरवडल्याचा आवाज आला.

क्लोव्हिस दारात जाऊन उभा राहिला. ओव्हीड गुडघ्यावर बसून तारेने नळीतली माती काढत होता. मग त्याने काडी ओढली. निळी ज्योत गोल फिरून पेटली. प्लासिद येऊन त्याच्या मागे थांबला. पाण्याला उकळी यायला बराच वेळ लागला, तितका वेळ ते तसेच होते.

"मीठ किती?" अखेर ओव्हीडने विचारलं, मागे न बघता.

"सांगतो," प्लासिद म्हणाला. "तू टोपली उचल."

क्लोव्हिस टेबलाशी परतला. नेव्हा वही मिटत होती. त्याने कोपऱ्यातला सरळ शेपट्यांचा ढीग स्वतःपुढे ओढला आणि पहिला सोलायला घेतला.