एक दिवस पुढचा चांद

सुजय आणि सानवी आत्मारामकाकांकडे आले ते फक्त भरतीची वेळ विचारायला. मांडवीतच राहतात दोघं, दोन गल्ल्या सोडून. रविवारी तांबडजुव्यावर जायचा बेत होता. तांबडजुवा म्हणजे खाडीतलं बेट, सगळं तांबड्या चिऱ्याचं, भोवती चार किलोमीटरचा रस्ता. गाडीने जाता येतं, पण खाडीतल्या बुटक्या फरशीपुलावरून, आणि ती फरशी भरतीला पाण्याखाली जाते. जायचं ओहोटीत, परतायचंही ओहोटीत. बरोबर दीड वर्षाचा ऋत्विक. सानवीने कागदावर सगळं लिहून आणलं होतं. खिमट, लंगोट, टोपी, उकळलेलं पाणी, दोन झबली जास्तीची. बाईने सगळं लिहायचं आणि वेळ तेवढी पुरुषाने ठरवायची, हे आपल्याकडे चालतच आलंय.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ऋत्विक आईच्या खांद्यावर झोपलेला. आत्माराम पडवीत बसला होता. जुना खलाशी, सत्तरीला टेकलेला. सुजय म्हणाला, वेळ फोनवरपण दिसते काका, पण आई म्हणाली एकदा तुम्हाला विचार.

"फोन हाशिमकडेपण होता," आत्माराम म्हणाला.

मग त्याने समोरच्या घराकडे पाहिलं. माडीवर एक खिडकी, गजांची. आत काळोख. त्याने आवाज खाली आणला.

"बस गो बाय. तिथे सईदा राहते, हाशिमची बायको. मी सांगतो ते तिने माझ्या विमलाला सांगितलंय, स्वतःच्या तोंडाने. माझ्या पदरचं काही नाही."

आणि सांगितलं ते असं.

गोष्ट गेल्या वर्षाची. अकरा एप्रिल, शुक्रवार. हाशिम दोह्याहून पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. तो गेला तेव्हा आयात तीन महिन्यांची, आला तेव्हा दीड वर्षाची. पोरगी बापाला ओळखेना. त्याने हात पुढे केले की आईच्या ओढणीत तोंड घालायची. घरातल्या बायका हसायच्या, पाव्हणा आला बघ म्हणायच्या. त्याला लागलं ते. मग त्याने ठरवलं, पोरीला तांबडजुव्यावर फिरवून आणू. चार तासांचा तर खेळ.

तिकडून त्याने गाडीत बसवायची छोटी खुर्ची आणली होती. पाच पट्टे, मधे लाल चाप. चाप इतका घट्ट की सईदाच्या अंगठ्याने दबायचा नाही. तिने दोनदा सांगितलं. तो म्हणाला, मी आहे ना.

आता वेळेचं. हाशिमचा बाप युसुफ तांडेल. त्याच्याच होडीवर आत्मारामने बारा वर्षं काढली. युसुफचा हिशेब घरात पोराटोरांना पाठ. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चौथ्या चांदाला तीन वाजता, आठव्याला सहा वाजता. आणि भरतीच्या दोन तास आधी फरशीवर पाणी चढतं. हाशिमने फोन उघडला. तेरावा चांद. म्हणजे पावणेदहाची भरती, पावणेआठपर्यंत फरशी मोकळी.

सईदा म्हणाली, आज बारावा.

त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला.

फोन दोह्याचा होता. तिकडे ईद रविवारी झाली, इथे सोमवारी. तिकडचा चांद आपल्या एक दिवस पुढे, आणि पाणी काही दोह्याच्या चांदाने चढत नाही. सईदाला ते कळत होतं. सोमवारचा शीरखुर्मा तिनेच ढवळला होता. पण चार दिवस उरलेल्या नवऱ्याशी चांदावरून कुठे भांडायचं. गप्प बसली. आपल्या बायका नको तिथे तोंड सोडतात आणि हवं तिथे मिटतात.

जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, तीनला निघाले. मित्राची लाल गाडी. एसी बंद, म्हणून काचा अर्ध्या खाली. फरशी कोरडी होती, बाजूच्या चिखलात बगळे होते. बेटावर आयातने वाळू खाल्ली, शंख गोळा केले, आणि एकदा, एकदाच, बापाचं बोट धरलं. तेवढ्यावर त्या माणसाचं पोट भरलं. निघायचं नावच घेईना. दिवस बुडाला, मगरीबची नमाज तिथेच पढला. पोरगी खिमट खाऊन पेंगली, तिला खुर्चीत बांधलं, चाप लावला. सईदा शेजारी मागे बसली.

फरशीच्या तोंडाशी आले तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

फरशीवर पाणी होतं. फार नाही, पाऊल बुडेल एवढं. चांदणं पडलेलं, त्यात ते दुधासारखं दिसत होतं.

सईदा म्हणाली, नको, इथेच राहू रात्रभर. हाशिम म्हणाला, अजून पंचवीस मिनिटं आहेत, हे लाटेचं शिंतडलेलं पाणी. आणि गाडी घातली.

मधे फरशी बसलेली आहे, हातभर खोल. तिथे गाडी बंद पडली. दिवे गेले. काचा वर होईनात, खाली होईनात. फोनला रेंज नाही. हाशिम उतरला, पाणी पोटरीपर्यंत. पोरगी झोपलीय, उठवू नको, म्हणाला. बेटावरून ट्रॅक्टर आणतो, दहा मिनिटं. अजूनही त्याचा त्या फोनवर विश्वास.

गेला.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी दाराच्या फटीतून आत आलं. पहिल्यांदा गुळगुळ आवाज करत, मग बिनआवाजाचं. सईदाच्या घोट्याला लागलं. मग पोटरीला. तिने दाराचा खटका ओढला. मागचं दार. पोर खेळता खेळता उघडेल म्हणून हाशिमनेच सकाळी लॉक लावलेलं. आतून उघडतच नाही. काचेतून हात घालून बाहेरचा खटका ओढला, वाकून पुढचं दारही ढकललं, पाण्याच्या दाबाने एकही हललं नाही. अर्ध्या काचेतून ती भरल्या अंगाची बाई निघणार नव्हती. आणि निघून करणार काय? पोरगी खुर्चीत.

तिने चाप दाबला. एका अंगठ्याने. दोन्ही अंगठ्यांनी. दातांनी. नख उलटलं. चापात वाळू गेली होती, पोरीच्याच हातची. पट्टे ओढले, ते अजून आवळले. आयात जागी झाली. रडली नाही. आईकडे पाहत राहिली.

पाणी खुर्चीला लागलं.

सईदाने हाका मारल्या. आयातचे अब्बा… आयातचे अब्बा… मग सासऱ्याला मारली, युसुफ तांडेलला. तो मरून नऊ वर्षं झालेली. मग कुणालाच नाही. नुसती ओरडली. खाडीवर आवाज गेला आणि राहिला नाही.

पाणी पोरीच्या मांडीवर आलं.

तिने पुन्हा चापावर अंगठा ठेवला. ताकद संपली होती. नुसता ठेवला.

तिच्या अंगठ्यावर दुसरा अंगठा टेकला.

थंड.

चाप सुटला.

सईदाने वर पाहिलं नाही. विमलाला तिने हेच दहादा सांगितलं, मी वर पाहिलं नाही भाभी, पाहिलं असतं तर… तिने पोरीला ओढून छातीशी धरलं. पाणी तिच्या छातीशी. गाडी एकदा हलली. खालून कुणी उचलून ठेवावी तशी. आणि खिडकीत दोन हात होते. कोपरापर्यंत. त्यांच्या मागे चांदणं आणि पाणी, बाकी काही नाही. बाईचे की बाप्याचे, सांगता येत नव्हतं. ओले. तळवे वर केलेले.

मागत होते.

"कोण?"

…

"कोण आहे?"

…

आयातने हात पुढे केले. ही पोरगी, जी सख्ख्या बापाकडे जायची नाही. तिने दोन्ही हात पुढे केले आणि हसली.

पाणी सईदाच्या गळ्याशी आलं. पोरगी तिने डोक्यावर धरली. किती वेळ धरणार? कुणाला विचारणार? आईला अशा वेळी पर्याय असतो म्हणणाऱ्याने त्या गाडीत बसून दाखवावं.

तिने पोरगी अर्ध्या काचेवरून बाहेर दिली.

"घे," म्हणाली. आणि मग, "परत दे… ऐकलंस? परत दे."

…

हात गेले. पोरगी गेली. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

नऊला हाशिम होडी घेऊन आला, दोन कोळी बरोबर. त्याला बेटाच्या काठाला होडी मिळायलाच तास गेला होता. छताला नाक टेकवून तगलेल्या सईदाला काच फोडून काढलं. ती एकच शब्द बोलत होती, दिली, दिली. हाशिमने त्या पाण्यात तीनदा बुड्या मारल्या. कोळ्यांनी केसाला धरून वर ओढला.

आयात सापडली अलीकडच्या तीरावर. फरशीच्या तोंडाशी चिऱ्याचा कठडा आहे, त्यावर बसलेली. एकटी. पाय हलवत. झबलं कोरडं. केस कोरडे. गाडीपासून तिथपर्यंत दीडशे पावलं, पुरुषभर पाणी.

आत्माराम थांबला. त्याने विडी काढली आणि पेटवली नाही.

सानवीने ऋत्विकला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सुजय म्हणाला, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार ना काका. वाचवलंच की. युसुफ तांडेल असेल, आजोबा.

"युसुफच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता," आत्माराम म्हणाला. "दोरखंडात गेलेला. माझ्यासमोर. मी विमलाला विचारायला लावलं, कुठला अंगठा टेकला. डावा, म्हणाली."

समुद्र ऐकू येत होता. लांब नाही, जवळ.

मग त्याने उरलेलं सांगितलं, थोडकंच. हाशिम चार दिवसांनी दोह्याला गेला. न जाऊन करतो काय, नोकरी थांबत नाही. आणि आयात रोज रात्री उठायला लागली. रडत नाही. उठते, खिडकीशी जाते, गजातून दोन्ही हात बाहेर काढते. लहान पोर कडेवर घे म्हणून करतं, तसे. सईदाला वाटलं, भ्यायलीय पोर. मौलवी झाले, डॉक्टर झाले. विमलाने एक दिवस सहज सांगितलं, काल सव्वाअकराला उठली, आज बाराला. खलाशाला आणखी काय सांगायला लागतं? रोज पाऊण तास पुढे, भरती सरकते तसं. आत्मारामने महिनाभर घड्याळ लावून पाहिलं. एक दिवस चुकला नाही.

"सईदा मागून कंबर धरून उभी राहते," तो म्हणाला. "पाणी फिरेपर्यंत. घर बदल म्हटलं, खाडीपासून लांब जा. मिरजोळ्याला भावाकडे राहिली चार दिवस. तिथे समुद्राचा आवाजसुद्धा पोचत नाही. तिथेही तेच." त्याने विडी कानावर ठेवली. "मी तिला काय सांगू? तिनेच म्हटलेलं, घे."

सानवीच्या हातातला कागद चुरगळला होता. तिने हळूच विचारलं, "काका, आज भरती किती वाजता?"

आत्मारामने घड्याळ पाहिलं नाही. समोर पाहिलं.

माडीवर दिवा लागला.

गजातून दोन हात बाहेर आले, इवलेसे, तळवे वर केलेले. मागे ओढणीचं टोक आणि दोन मोठे हात, पोरीच्या कमरेला घट्ट. खिडकीचं तोंड रस्त्याकडे होतं. पोरीचं खाडीकडे.