बासष्ट नमुन्यांची वही

संग्रहालयातल्या बाईंनी ती वही आम्हाला तीन आठवड्यांसाठी दिली. बंद पडलेल्या एका जुन्या लेस कारखान्याची. जाड निळसर पानांवर लेसचे बोटभर तुकडे टाचलेले, प्रत्येकाखाली आकडा.

"बासष्ट आहेत. मोजून नेताय, मोजूनच आणा," बाई म्हणाल्या.

ताई लेस विणते आणि मी तिला आलेखाच्या कागदावर आराखडे काढून देते. वही उघडल्यावर ती भिंग घेऊन जी बसली, ती जेवायलाही उठेना.

"छापील पुस्तकात नुसती नक्षी दिसते गं, हात दिसत नाही. हे बघ, विणणारीचा दोरा इथे चुकलाय आणि तिनं गुपचूप सावरून घेतलाय."

दुसऱ्या दिवशी पहिला नमुना विणायला तिनं लेसच्या घट्ट उशीवर टाचण्या टोचल्या, दोऱ्याच्या लाकडी कांड्या लावल्या.

"अगं, आराखडा तरी होऊ दे."

"नको. येतंय मला."

कांड्या टकटक वाजू लागल्या. आठवड्याचं काम दुपारपर्यंत उशीवर होतं.

संध्याकाळी ती शेगडीसमोर नुसतीच उभी. "ही कशी पेटवतात गं?"

"डोकं उशीवरच ठेवून आलीस वाटतं!" मी हसले. ती हसली नाही.

दुसरा नमुना झाला आणि तिला स्वतःची सही येईना. तिसरा झाल्यावर तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या बाई कोण?"

तो आईचा फोटो होता.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. दोष काही सापडला नाही. "विश्रांती द्या," म्हणाले. मी उशी आणि कांड्या कपाटात कोंडल्या. ताईची बोटं चादरीवर फिरतच राहिली, एकावर एक, एकाखालून एक.

दुपारी शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि मी वही परत करायला निघाले.

बाईंनी हातमोजे चढवून नमुने मोजले. थांबल्या. पुन्हा मोजले.

"त्रेसष्ट."

शेवटच्या पानावर पानाफुलांची एक किनार होती. माझ्या लेकीच्या पहिल्या फ्रॉकला ताईनं लावलेली. नक्षी तिच्या मनातली, आराखडा माझा, आणि तो आम्ही कधी कुणाला दाखवलाही नव्हता.

"ही आमची आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"कसं शक्य आहे? टाचणीचा गंज बघा ना. कागदात उतरलाय."

गंज खरंच जुना होता. खालचा आकडा तपकिरी शाईतला, विटलेला. मी हात पुढे केला, तशी बाईंनी वही मिटून कपाटात ठेवली.

मी जवळजवळ धावतच घरी आले.

शेजारीण दारातच भेटली. "बऱ्या आहेत हो आता. छान बोलतायत."

ताई खिडकीपाशी बसली होती. बोटं शांत. मला पाहताच ती अदबीनं उठली.

"या ना, बसा. माझी धाकटी बहीण येईलच इतक्यात. आराखड्यांचं सगळं तीच बघते."

"ताई, अगं मीच..."

खाली जिन्यात पावलं वाजली. ताईचा चेहरा खुलला.

"आलीच बघा," ती म्हणाली.