खिडकीमागचा डोळा

कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीभोवतीची रबरी कडा एकाच बाजूने झिजली होती. उजव्या भुवईच्या हाडाला ती जिथे टेकायची, तिथे रबर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. खालच्या बाजूला मात्र नवेपणीचे बारीक खवले अजून बोटाला लागत होते. यमुना गव्हाणे जीपमध्ये बसल्या बसल्या त्या कडेवरून अंगठा फिरवत होती.

"आक्का, एवढ्याशा रबरासाठी पुण्याला?" गाडी चालवता चालवता सुदाम म्हणाला. "सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून दिला असता मी."

"तुझी ट्यूब डोळ्याला टोचते."

"टोचू दे. पक्ष्यांना थोडंच कळतंय तुझ्या डोळ्यात काय टोचतंय ते." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "फेकून दे तो डबा. जगात कुणाकडे तरी खिडकीचा कॅमेरा राहिलाय का आता?"

त्याचं खरं होतं. खिडकीचे कॅमेरे बाजारातून गेले होते, आणि ते का गेले हे सगळ्यांना माहीत असूनही त्यावर कुणी बोलत नसे.

फार पूर्वी कॅमेऱ्यात आरसा असे. भिंगातून आलेला उजेड आरशावरून वर खिडकीत जाई आणि तिथे टेकलेल्या डोळ्याला दिसे. पुढे आरसा गेला, कॅमेरा तळहातात मावू लागला आणि खिडकीत नखाएवढा पडदा आला. त्या पडद्याच्या कडेला डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाचे दोन ठिपके बसवले गेले. डोळ्याची बाहुली जिकडे वळेल तिकडे भिंग रोखावं, एवढाच त्यामागे हेतू होता. पण त्यामुळे असं झालं, की डोळा कॅमेऱ्यातून जगाकडे पाहत होता आणि त्याच वेळी कॅमेरा डोळ्याकडे पाहत होता.

यंत्रं हवं ते चित्र बनवू लागली आणि खरं छायाचित्र कोणतं हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा न्यायालयांना या दोन ठिपक्यांची आठवण झाली. कळ दाबली त्या क्षणी खिडकीमागे जिवंत डोळा होता की नाही, एवढं तर कॅमेरा सांगू शकत होता. डोळ्याच्या त्या नोंदीला नेत्रमुद्रा म्हणू लागले. नेत्रमुद्रा असलेलं छायाचित्र पुरावा ठरलं, नसलेलं पोरकं. पोरक्या चित्रात कितीही स्पष्ट दिसो, त्याला कुणी विचारत नसे.

सुरुवातीला लोकांना हे फार आवडलं. मग एका घटस्फोटाच्या खटल्यात एका बापाने आपल्या दोन मुलांचे काढलेले फोटो तपासले गेले, आणि त्याचा डोळा थोरल्यासाठी कसा उघडतो आणि धाकट्यासाठी कसा उघडत नाही, हे भर न्यायालयात आलेखावर दाखवलं गेलं. तो धाकटा तेव्हा मागच्या बाकावर बसला होता. त्या वर्षापासून लोक खिडकीशिवायचे कॅमेरे मागू लागले. कंपन्यांनी खिडकी काढून टाकली. कॅमेरा आणखी पातळ, आणखी स्वस्त झाला. आता माणसं हात लांब करून, भलतीकडे बघत फोटो काढत. आपण काही पाहिलंय असं नंतर कुणी म्हणू नये, म्हणून.

यमुनेने मात्र खिडकी सोडली नव्हती. धरणाच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला येणाऱ्यांना ती होडीतून फिरवायची आणि स्वतःही फोटो काढायची. तिच्या रोहित पक्ष्यांच्या फोटोंची शहरात प्रदर्शनं व्हायची, आणि खाली लिहिलेलं असायचं: सर्व छायाचित्रे नेत्रमुद्रित.

"लहूची तारीख कधी आहे?" तिने विचारलं.

सुदामचा हात गिअरवर थोडा रेंगाळला. "परवा. निकालच आहे म्हणतात."

लहू सरवदे आठ महिने तुरुंगात होता. फुगवट्यात कारखान्याच्या टँकरमधून विषारी पाणी सोडल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्या आठवड्यात तिथली मासळी पोट वर करून काठाला लागली. भोईवस्तीत ती कुणी कुणी शिजवली, आणि एक म्हातारी आणि दोन लहान मुली दगावल्या. कारखान्याच्या पाळीच्या तक्त्यात त्या पहाटे लहूचं नाव होतं. लहू सांगत होता, बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून मी सुदाम गव्हाणेला पाळी दिली. टँकरवाले अशा पाळ्या आपसांत बदलतच असत. त्याची कुठे नोंद नसे. सुदामने पोलिसांना सांगितलं, मी घरी झोपलो होतो. पोलिसांनी यमुनेलाही विचारलं. ती म्हणाली, मी अंधारातच होडी घेऊन गेले, घरात कोण होतं मला ठाऊक नाही. यातला शब्दही खोटा नव्हता.

"लहूला तरी कुणी सांगितलं असेल का, टाकीत काय आहे ते?" रस्त्यावरची नजर न काढता सुदाम अचानक म्हणाला. "साबणाचं पाणी आहे, टाकून ये, म्हणतात. ड्रायव्हरला कोण सांगतंय? त्याने काय, तोंड लावून बघायचं?"

यमुना थांबून राहिली. आठ महिने ती अशीच थांबली होती. जेवताना, धार काढताना, त्याची लेक पिऊ तिच्या मांडीवर झोपलेली असताना. आता तो बोलेल, पुढचं वाक्य बोलेल.

"त्या गल्लीतून घेऊ का? सिग्नल चुकेल," सुदाम म्हणाला.

"घे," ती म्हणाली.

आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. होडीत तो तिच्या पुढ्यात बसायचा आणि ती त्याला पक्षी शिकवायची. रंग बघू नकोस, रंग उजेडाने बदलतो. उभं कसं राहतंय ते बघ. सुदामला लवकरच सगळे पक्षी उभं राहण्यावरून ओळखता यायला लागले. त्याचा डावा पाय लहानपणी भाजला होता. दमला की तो डावं पाऊल उजव्या घोट्यावर टेकवून उभा राहायचा, आणि ती त्याला राखी बगळा म्हणून चिडवायची.

सुदामला तिने रबराचंच सांगितलं होतं. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. सुदाम खालीच थांबला. "रबर बदलून घे आणि मला पण एक वडा आण," तो म्हणाला.

डॉ. मृदुला गद्रे नेत्रमुद्रा तपासत. साठीच्या, बारीक आवाजाच्या बाई. त्यांच्या टेबलावर चार फोटो मांडलेले होते. चारही पोरके. काठावरचा टँकर, पाण्यात सोडलेला जाड पाइप, चिखलाने झाकलेली नंबरपाटी.

"हे तुम्हीच पोलिसांना दिलेत," डॉ. गद्रे म्हणाल्या. "मी तुमची प्रदर्शनं पाहिली आहेत, यमुनाताई. तुमचा एकही फोटो कधी पोरका नसतो. मग आयुष्यात एकदाच, नेमक्या त्या पहाटे, तुम्ही हात लांब करून फोटो का काढलेत? म्हणून फोन केला होता मी. दुसरा कॅमेरा बरोबर होता का?"

यमुनेने पिशवीतून तो काढून टेबलावर ठेवला.

"यात एक आहे," ती म्हणाली. "रोहित एकदम उडाले. कशाने उडाले म्हणून मी वळले आणि सवयीने कळ दाबली गेली. मग हा खाली ठेवला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला बिनखिडकीचा उचलला."

डॉ. गद्रेंनी चित्र मोठ्या पडद्यावर घेतलं. धुकं, गुलाबी पंखांची पुसट रेघ, टँकर. पाइपाशेजारी एक माणूस, पाठमोरा, तोंडाला फडकं बांधलेलं. एक पाऊल दुसऱ्या घोट्यावर.

"यात चेहरा नाही," डॉ. गद्रे म्हणाल्या.

"नाही."

"पण मुद्रा आहे. ती बंद आहे. आत काय आहे, मला अजून माहीत नाही."

"मॅडम, एक विचारू? फोटो खरा आहे, एवढंच सांगता येईल का? टँकर खरा, वेळ खरी. डोळ्याचं बाकीचं राहू द्यायचं."

डॉ. गद्रेंनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना बऱ्याच जणांनी विचारला असावा.

"ती दोन वेगळी नाहीत हो. उजेड वाढला की बाहुली लहान होते, कमी झाला की मोठी. याची नक्कल कुठलंही यंत्र करतं. पण ओळखीचं काही दिसलं, की अर्ध्या सेकंदाच्या आत नजर एका जागी थबकते आणि बाहुली उजेडाचं न ऐकता उघडते. त्याला आम्ही ओळखझटका म्हणतो. तो ठरवून आणता येत नाही आणि दाबताही येत नाही. फोटो खरा ठरतो तो त्या झटक्यावरूनच. शांत डोळा काय, कुणीही बनवेल."

"म्हणजे मला काहीच वाटलं नसतं..."

"तर तुम्ही ते पाहिलंत, हे सिद्धच करता आलं नसतं."

"आणि झटका कुणामुळे बसला, तेही कळतं?"

"झटक्याला वळण असतं, अक्षराला असतं तसं. आई दिसली की डोळा एका तऱ्हेने उघडतो, शेजारी दिसला की दुसऱ्या. या कॅमेऱ्यात तुमचे घरचे फोटो असतील. लग्नातले, बारशातले. न्यायालय ते मागवून ताडून बघेल."

होते. हळदीने माखलेला सुदाम. पिऊला पहिल्यांदा हातात घेताना घाबरलेला सुदाम. होडीत पेंगणारा सुदाम. प्रत्येक वेळी तिने डोळा रबरावर दाबून, श्वास रोखून कळ दाबली होती. आपण हे सगळं कुणाच्या तरी हवाली करतोय, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

"पण घाई नाही," डॉ. गद्रे म्हणाल्या. "तुम्ही तोंडाने संमती दिल्याशिवाय मुद्रा उघडत नाही. कायदाच आहे तसा. माणसाच्या शरीराला त्याच्याविरुद्ध बोलायला लावता येत नाही."

"ते माझ्याविरुद्ध कुठे बोलणार आहे?" यमुना म्हणाली.

डॉ. गद्रेंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पडद्यावरच्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

"मी नुसतं सांगितलं तर? तोंडी?"

"पूर्वी चालायचं. आता न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात, की मुद्रा असताना उघडत का नाही? कुणी काय पाहिलं, हे डोळ्याकडूनच ऐकायची सवय झाली आहे सगळ्यांना. माणसाचा शब्द आता फक्त मुद्रा उघडायच्या कामाचा." "हे यंत्र पहिल्यांदा लावलं, तेव्हा तपासून बघायला मी घरचे फोटो घेतले होते. यजमानांचे. तीस वर्षांचे. अलीकडच्या दहा वर्षांत माझ्या डोळ्याने त्यांना रस्त्यावरच्या माणसासारखं पाहिलं होतं. मला स्वतःलाही माहीत नव्हतं. मी त्यांना काही बोलले नाही. पण ते शास्त्रज्ञाच्या घरात राहतात. त्यांनी एक दिवस विचारलं. तेव्हापासून आमच्या घरात खिडकीचा कॅमेरा नाही."

"मग तुम्ही हे काम का करता?"

"लहू सरवदेसारख्यांसाठी. निदान मी तसं म्हणते. पण पुढच्या दहा वर्षांत खिडकी असलेला एकही कॅमेरा उरणार नाही. मग कुणीही कुठेही काहीही ओतेल आणि हजार फोटो निघतील. पण पाहिलेलं कुणीच नसेल."

लहूची बायको कांता महिन्यामागे घरी आली होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. ओसरीवर बसून चहा घेतला आणि जाताना म्हणाली, "आक्का, तुम्हाला लांबून पक्षी ओळखता येतो म्हणतात. माणूस येत नसंल, त्याला तुमचा काय इलाज." सुदाम तेव्हा आत, पिऊला भरवत होता. त्याचा आवाज थांबला होता आणि कांता फाटकाबाहेर गेल्यावर पुन्हा सुरू झाला होता.

यमुना उठून काचेपाशी गेली. खाली जीप उभी होती. एवढ्या उंचावरून चेहरा दिसत नव्हता. उन्हाने शर्टाचा रंगही उडाला होता. जीपला टेकून एक माणूस उभा होता, चहाचा पेला हातात, डावं पाऊल उजव्या घोट्यावर.

तिच्या डोळ्यात काहीतरी झालं. यंत्राची गरज नव्हती. या वेळी ते तिचं तिलाच कळलं. नजर थबकली, भोवतालचं सगळं मागे सरलं आणि रस्त्यावरच्या गर्दीत तो एकटा उजळून जवळ आला. हे थांबवावं म्हणून तिने डोळे मिटले. मिटल्यावरही तो तसाच उभा होता, सात वर्षांचा, होडीच्या टोकाला.

त्याने वर पाहिलं असावं. हात हलवला. वडा, अशी खूण केली.

तिनेही हात वर केला.

"यमुनाताई," मागून डॉ. गद्रे हळू म्हणाल्या, "नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं. ध्वनिमुद्रण चालू आहे. ही मुद्रा उघडायला तुमची संमती आहे का? नाही म्हणालात, तरी कुणी कारण विचारणार नाही."

यमुना काचेपासून हलली नाही. हात अजून वरच होता.

"उघडा," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी माझ्या तोंडाचं लिहून घ्या. डोळा सांगायच्या आधी मला सांगायचंय. तो सुदाम आहे. माझा भाऊ."