मोकळी सोडलेली जागा

ऐका पावणं, चूक माझीच हाय. मी सम्मेद, हुपरीत पैंजणाचं काम करतोय. माझी जुनी ओम्नी व्हॅन उचगावच्या हंबीररावांना विकली. विक्रीच्या फॉर्मवर सही ठोकली आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी सोडली. आपल्याकडं सगळीच असं करत्यात, पुढं विकायला सोपं पडतंय म्हणून. आरटीओला कळवलंच न्हाई.

पंधरा दिवसांत हंबीरराव व्हॅनसकट पाण्यानं भरलेल्या दगडाच्या खणीत बुडालं. मढं वर काढलं, व्हॅन गाळातच राहिली. बायको घाबरंल म्हणून व्हॅन बुडाल्याचं मी घरात सांगितलं न्हाई.

तवापास्नं रोज भर दुपारी दारात त्याच व्हॅनचा हॉर्न. बाहेर जाऊन बघावं तर रस्ता रिकामा, नुसता गाळाचा कुबट वास. आधी फाटकापाशी वाजायचा, मग पायरीपाशी. काल तर माझ्या कानाशी वाजला. घास गिळंना, डोळा लागंना. देवा, सोडव रं यातनं, असं झालं.

शेवटी आज सकाळी उचगावला गेलतो. हंबीररावांच्या बायकोचं, शालूबाईंचं पाय धरलं. त्या हळूच म्हणाल्या, "गाडी तुमच्याच नावावर हाय न्हवं... मग तुमच्याच दारात येनार की."

त्यांनी कपाटातनं तो फॉर्म काढून दिला. जागा अजून मोकळीच. मी तिथंच बसून हंबीररावांचं नाव लिहिलं, दोनदा वाचलं आणि तडक आरटीओ गाठलं.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म बघितला आणि विचारलं, "आदिती तुमची कोण?"

कागद हिसकावूनच घेतला मी. हंबीररावांचं नाव कुठंच न्हाई. तिथं माझ्या बारावीतल्या पोरीचं नाव, शाई अजून ओली. खाली सही बी तिचीच.

कसाबसा घरी फोन लावला, आदितीकडं दे म्हटलं.

"ती गेली की," बायको म्हणाली. "आपली जुनी व्हॅन आलती. तुम्ही धाडलीसा म्हणून आतनं कोणतरी म्हणालं."

"कोण हुतं...?"

"तोंड न्हाई दिसलं. गाडी निघाली तवा बघितलं, काचंच्या आत गळ्यापतोर पाणी हुतं..."