सातव्या तक्त्याची खालची पट्टी

"चोरी झाली आहे, पण गेलेलं काहीच नाही," असं म्हणून संग्रहालयाची संचालिका खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली.

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. रडणाऱ्याला 'रडू नका' म्हणण्यात त्या वेळ घालवत नसत. पंधरा वर्षं वकिली करून विटल्यावर त्यांनी गुप्तहेरी सुरू केली होती. जोडीला त्यांचे धाकटे दीर, शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. ते त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून सगळं शहर त्यांना वहिनी म्हणायला लागलं, आणि मास्तरांना भाऊजी.

"नीट सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

संचालिकेनं सांगितलं. समुद्रापलीकडून इथे राहायला आलेल्या लोकांचं ते संग्रहालय. नव्या दालनात बारा जुने तक्ते लावले होते, प्रत्येक दारभर उंच, हातानं काढलेला. मधे उभी रेघ. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. तळाला तान्ही मुलं, माथ्यावर म्हातारे, आणि प्रत्येक वयाची एक आडवी पट्टी. जेवढी माणसं, तेवढी पट्टी लांब. आज पाच वाजता उद्घाटन होतं. हे तक्ते ज्यांच्या हाताखाली तयार झाले त्या साहेबांचंच नाव दालनाला द्यायचं होतं.

"सकाळी साहेब दोन पत्रकारांना घेऊन पाहणीला आले. सातव्या तक्त्यापाशी थांबले आणि ओरडलेच. हा माझा तक्ता नव्हे, कोणीतरी नकली लावलाय, म्हणाले."

"फरक काय आहे?"

"सगळ्यात खालची पट्टी. एका वर्षाच्या आतली मुलं. साहेबांच्या छापील पुस्तकात दोन्ही बाजू मिळून सात आहेत. भिंतीवर अठ्ठेचाळीस."

"आणि आठवा तक्ता?"

"तो त्याच माणसांचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक बोट आली होती, तिचे लोक आधी साहेबांच्या छावणीत ठेवले होते. सातवा तक्ता तिचा. आठवा बरोबर एका वर्षानंतर त्याच लोकांची पुन्हा मोजणी करून काढलेला. त्यात एक वर्षाची मुलं सात आहेत." संचालिकेनं डोळे पुसले. "मला तेच खातंय. भिंतीवरचा तक्ता खरा असेल तर एकेचाळीस मुलं इथे आली आणि वर्षाच्या आत नाहीशी झाली. खोटा असेल तर कोणीतरी एका भल्या माणसावर किटाळ आणतंय. साहेब म्हणतात, पाचच्या आत तो उतरवून जाळा, आणि करणाऱ्याला पोलिसांत द्या."

"जाळा?" वहिनींनी चष्मा काढला. "चोरी पकडायची आणि पुरावा जाळायचा? चला भाऊजी, टोपी घ्या."

दालनात नव्या रंगाचा वास होता. भाऊजींनी टॉर्च काढला आणि कवायतीच्या शिस्तीत सातव्या तक्त्याची तपासणी सुरू केली. दोन मिनिटांत ते आनंदानं ओरडले.

"वहिनी, सापडलं! खालच्या पट्टीचं टोक बघा. मधल्या रेघेजवळ शाई विटलेली आहे आणि टोकाकडे काळीभोर. म्हणजे टोक नवीन काढलंय. शेंबडं पोरही सांगेल!"

"अजून काय दिसतं?"

"वर तिशीच्या पट्टीपुढे कागदाचा एक चौकोन पांढरा आहे. बाकी कागद पिवळा. तिथलं काहीतरी पुसलं असणार."

"आकडे?"

भाऊजींनी पुस्तक उघडलं. मोजायला सांगितलं की त्यांची कळी खुलायची. "तिशीची माणसं पुस्तकात चौऱ्याहत्तर, इथे तेहतीस. बाकी सगळ्या पट्ट्या सारख्या. एकूण बेरीज दोन्हीकडे नऊशे बारा. नकली करणारा हुशार निघाला, एकीकडे एकेचाळीस वाढवले ते दुसरीकडे कापले."

"आठव्या तक्त्यात तिशी आणि एकतिशी किती?"

"तीसची सव्वीस, एकतीसची तेहतीस. त्याचं काय?"

वहिनींनी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. त्या हसल्या नाहीत, आणि भाऊजींना ते बरं वाटलं नाही.

साहेब संचालिकेच्या खोलीत बसले होते. पंचाहत्तरीतही कोटाला सुरकुती नव्हती.

"तिशीची पट्टी पुस्तकात एवढी फुगलेली कशी?" वहिनींनी विचारलं.

"अहो, त्या लोकांना वय कुठे माहीत असायचं! विचारलं की म्हणायचे, लिहा तीस. तिशीची पट्टी फुगतेच. या कामातलं कोणीही सांगेल तुम्हाला."

"आणि छावणीत मुलं दगावली नाहीत?"

"एकही नाही." साहेबांनी बोट वर केलं. "बोट आली की लोकांना काही दिवस वेगळं ठेवायचं, रोगराई शहरात जाऊ नये म्हणून. ती छावणी माझ्याकडे होती. एकही मृत्यू नाही, हा माझा लौकिक. त्यावरच मला वरची जागा मिळाली. आता कोणीतरी मत्सरानं जळतंय."

"माग लागला," भाऊजी बाहेर आल्यावर म्हणाले. "मत्सर! तक्ते काढणारे काका. आयुष्यभर रेघा त्यांनी ओढल्या आणि नाव साहेबांचं. मी पैज लावतो."

तक्ते काढणारे काका दालनाबाहेरच्या बाकावर बसले होते. भाऊजींनी त्यांच्या हातात पेन दिलं आणि एक सरळ रेघ ओढायला सांगितली. रेघ नागासारखी वळवळत गेली. काकांचा हात गेली सहा वर्षं थरथरत होता. पैज बुडाली.

"सातवा तक्ता तुम्हीच काढलात?" वहिनींनी विचारलं.

"हो. मला कच्चे आकडे मिळाले तसा काढला. मग सहीसाठी वर साहेबांकडे गेला."

"शाईत चूक झाली तर काय करायचात? खरवडायचात?"

"छे! खरवडायला सक्त मनाई. कागद फाटतो. वरून कागदाचं ठिगळ चिकटवायचं आणि त्यावर पुन्हा काढायचं. चार हातांवरून कळायचंही नाही."

"तुमचा तक्ता आणि छापील तक्ता, दोन्ही सारखेच होते?"

काकांनी पेन परत दिलं. "मला आता आठवत नाही," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत बसले.

राहिली खळबाई. जुने कागद दुरुस्त करणं हे तिचं काम. पिठाची खळ स्वतः शिजवायची, म्हणून हे नाव. तिच्या खोलीत वाफेची किटली, पातळ सुऱ्या आणि ब्रश ओळीनं मांडलेले होते. तिनं उठून नमस्कार वगैरे केला नाही. हातातलं काम संपवून मगच मान वर केली.

"बारा तक्ते तुम्हीच साफ केलेत?"

"मीच. एकेकाला चार दिवस. सातव्याला तीन आठवडे."

"का?"

"जास्त चिकटलेला होता."

"साफ करताना जे निघतं ते टाकून देता?"

"आमच्या कामात काढलेलं काही टाकत नाहीत. धागा निघो, खिळा निघो, प्रत्येक तक्त्याचं पाकीट असतं." तिनं खण उघडून दाखवला.

"अकरा," भाऊजींनी सवयीनं मोजलं.

"तक्ता बघताना पहिल्यांदा काय बघता?" वहिनींनी विचारलं.

"लोक वरून बघतात. मी खालून."

"इथे किती वर्षं झाली?"

"चव्वेचाळीस."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी बोटीतून आले," खळबाई म्हणाली आणि पुन्हा ब्रश उचलला.

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना सातव्या तक्त्यासमोर बोलावलं. साहेब, संचालिका, काका, खळबाई. दोन पत्रकार दारातच घुटमळत होते. वहिनींनी त्यांना हाकललं नाही.

"चोर सापडला का?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"चोरी झालीच नाही. भिंतीवर आहे तोच खरा तक्ता, काकांच्या हातचा. त्यात कोणी एक रेघही वाढवलेली नाही."

"पण टोकाची नवी शाई!" भाऊजींना राहवलं नाही.

"भाऊजी, शाई उजेडानं विटते. पट्टीचा मधला भाग पंचेचाळीस वर्षं उजेडात होता, म्हणून विटला. टोक झाकलेलं होतं, म्हणून काळंभोर राहिलं. त्यावर पांढऱ्या कागदाचं ठिगळ होतं. आणि तिशीपुढचा पांढरा चौकोन तो याच कारणानं. तिथे दुसरं ठिगळ होतं, पट्टी लांब दाखवणारं. खाली एकेचाळीस झाकले आणि वर एकेचाळीस चिकटवले."

"हा कल्पनेचा खेळ आहे," साहेब म्हणाले.

"असू दे. बंदरावर नऊशे बारा डोकी उतरलेली होती, तो आकडा बदलता येत नव्हता. मग एकेचाळीस मुलं लपवायची कुठे? जिथे गर्दी कोणाला खटकत नाही तिथे. लोक नेहमी तीसच सांगतात, हे या कामातल्या माणसालाच माहीत. बाहेरच्या माणसाला हे सुचलंच नसतं. पण साहेब, माणूस दरवर्षी एक वर्षानं मोठा होतो. तुमची चौऱ्याहत्तर माणसं पुढच्या वर्षी एकतिशीत हवी होती. आठव्या तक्त्यात तिथे तेहतीस आहेत."

"त्यांनी पुन्हा तीसच सांगितलं असेल!"

"मग तीसची पट्टी फुगायला हवी. ती सव्वीस आहे."

"शहर सोडून गेले असतील."

"एकेचाळीस जण, सगळे नेमके तीस वर्षांचे? आणि बाकीच्या वयातलं कोणी हललंच नाही?" वहिनींचा आवाज चढला. "त्या लोकांना निघून जायला पाय नव्हते, साहेब. तुम्ही कागदावर बनवलेले होते ते. आणि खरी अठ्ठेचाळीस मुलं पुढच्या वर्षी सात उरली."

संचालिका आठव्या तक्त्यापाशी गेली आणि तळाची पट्टी पुन्हा मोजायला लागली.

"ठिगळं काढायला वाफ लागते, पातळ सुरी लागते आणि तीन आठवड्यांची चिकाटी लागते," वहिनी वळल्या. "बाराव्या पाकिटाबद्दल आता सांगाल का, बाई?"

खळबाईनं ब्लाउजमधून पाकीट काढलं. चार ठिगळं, दोन्ही बाजूंची. तिनं ती तळहातावर उलटी ठेवली. जाड, उत्तम कागद. मागे छापील अक्षरांचे तुकडे होते. दोन तुकडे एकमेकांना लावले की साहेबांचं नाव जुळत होतं, खाली 'छावणीप्रमुख'.

"घाईत स्वतःचाच कागद कापला यांनी," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला मागायची सोय नव्हती ना."

"मी पुस्तकात छापलेला तक्ता पाहिला तेव्हाच ओळखलं होतं," काका एकदम म्हणाले. "घरी दोन पोरं होती. गप्प बसलो. जोड्यानं मारा मला."

त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" संचालिकेनं विचारलं. "चार महिने हे पाकीट तुमच्याकडे होतं!"

"तुम्ही चौकशी नेमली असती. यांनी वकील नेमला असता. मग हे आजारी पडले असते." खळबाई साहेबांकडेच बघत होती. "मला यांना चार लोकांत ही पट्टी दाखवायची होती. सकाळी मी या खांबामागे उभी होते. यांचा चेहरा बघितला. पोट भरलं नाही, पण बरं वाटलं."

"थंडी होती," साहेब पुटपुटले. "ताप सगळीकडेच होता. डॉक्टर बोलावला असता तर नोंद झाली असती..."

"नऊ दिवस छावणीला कुलूप होतं!" ती ओरडली. तिच्या आवाजानं पत्रकारसुद्धा मागे सरले. "नऊ दिवस. मी एकवीस वर्षांची होते. फाटकाच्या गजांना धरून उभी राहायचे. तुम्ही पलीकडे खुर्ची टाकून बसायचात. सहाव्या दिवशी खुर्ची लांब नेलीत, कारण आमचा आवाज यायचा. माझी मुलगी तुम्ही तिशीत बसवलीत. तीस वर्षांची बाई केलीत तिची! तुमचं वाटोळं होवो, असं मी पंचेचाळीस वर्षं रोज म्हणते. आज ते होतंय, आणि मला दया येत नाही."

साहेब खाली बसले.

खळबाईनं एक जाड कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हातात पेन दिलं.

"लिहा. पाकीट तर या पत्रकारांना मिळणारच आहे, त्यातून सुटका नाही. हे माझ्यासाठी. चाळीस नावं मला पाठ आहेत. मी सांगते, तुम्ही लिहा. हा कागद तक्त्याखाली लागेल, तुमच्या अक्षरात."

"तुम्ही... तुम्ही तिला अडवू शकता," भाऊजी वहिनींच्या कानात म्हणाले. "कायद्यानं अशी जबरदस्ती..."

"मी वकिली सोडली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि दार पूर्ण उघडलं. पाहुणे जमायला लागले होते.

साहेबांनी मदतीसाठी संचालिकेकडे बघितलं. "लिहा," संचालिका म्हणाली.

खळबाई सांगत गेली. न अडखळता, कोणाचं मूल, मुलगा की मुलगी, किती महिन्यांचं. साहेब लिहीत गेले. पाहुणे आत येऊन गोलाकार उभे राहिले. काही म्हाताऱ्या बायका एखादं नाव ऐकून तोंडाला पदर लावत होत्या. अर्ध्या तासानं चाळीस झाली आणि ती थांबली.

"एकेचाळीसावं?" साहेबांनी मान खाली घालूनच विचारलं.

"ते माझ्या मुलीचं. ते मी सांगणार नाही. नऊ दिवस फाटकाशी मी तेवढंच ओरडत होते. दिवसरात्र. ऐकलं नसेल तर कोरं सोडा, म्हणजे लोकांना कळेल की तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नव्हतं."

पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मग साहेबांनी ते नाव लिहिलं. कोणाला न विचारता, एका दमात, बरोबर.

खळबाईनं वाकून वाचलं. पंचेचाळीस वर्षं तिनं एकच गोष्ट मनाशी धरली होती, की या माणसाला नुसता आवाज आला असेल, नाव ऐकू आलं नसेल. तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या थोबाडात मारली. तिला अडवायला एकही माणूस पुढे आला नाही.